बंदूक दिली की भूत मेलं

भुताच्या गेममध्ये खेळणाऱ्याच्या हाती बंदूक आणि खिसाभर गोळ्या दिल्या, की भूत मेलंच म्हणून समजा. पुढे उरते ती नेमबाजी. कॅपकॉम या जपानी कंपनीची 'रेसिडेंट ईव्हिल' ही मालिका याचा चांगला दाखला आहे. 1996च्या पहिल्या भागात ख्रिस या नायकाजवळ सामान ठेवायला कप्पे सहाच. बंदूक, गोळ्या, जखमेवरचा पाला, दाराची किल्ली, सगळं त्या सहांत बसवायचं. खेळ सेव्ह करायचा तर टाइपरायटर शोधत जायचं, आणि त्याला लागणाऱ्या शाईच्या फितीही मोजक्याच. म्हणजे 'जरा थांबून श्वास घेऊ का' हासुद्धा हिशेबाचा प्रश्न. तोच ख्रिस 2009च्या पाचव्या भागात दंडाच्या बेटकुळ्या फुगवून आफ्रिकेतल्या भर उन्हात मशीनगन चालवत फिरतो. तिथे भीती वाटायची ती त्याच्या जिमच्या बिलाची. कंपनीलाही ते उमगलं असावं, कारण 2017च्या सातव्या भागात पुन्हा एकच घर आलं, अंधार आला आणि खिसा रिकामा झाला.

माझं म्हणणं एवढंच, की गेम चांगला की वाईट हे तो खेळणाऱ्याला काय देतो यावर ठरत नाही. काय देत नाही, आणि उरलेल्यात हाताला काय करायला लावतो, यावर ठरतं. चित्रं किती खरी दिसतात, नकाशा किती मोठा आहे, ही जाहिरातीतली भाषा झाली.

हे सांगणारा मी कोण? हजिऱ्याच्या एका कारखान्यात कंट्रोल रूममध्ये पाळीवर काम करणारा माणूस. घरचे मूळचे खानदेशातले, सुरतेत वाढलो, आता इच्छापोरला भाड्याने राहतो. रात्रपाळीचा आठवडा संपतो, पण शरीराला ते कोणी कळवत नाही. सुट्टीच्या दिवशीही पहाटे तीनला डोळे टक्क उघडे. खाली हजिरा रस्त्यावर ट्रेलरांची घरघर चालूच असते. इच्छापोरला हिऱ्या-दागिन्यांचं औद्योगिक पार्क आहे, पलीकडे पोलाद, खत, गॅस, बंदर असं सगळं आहे, पण पहाटे तीनला जाऊन बसावं असं ठिकाण नाही. तेव्हा जुना लॅपटॉप आणि हेडफोन. बातम्या बघण्यापेक्षा बरं.

कंट्रोल रूमने मला भीतीबद्दल एक गोष्ट शिकवली. अलार्म वाजला की भीती संपते आणि काम सुरू होतं. कोणता व्हॉल्व्ह, कोणाला फोन, काय बंद करायचं ते ठरलेलं असतं. पोटात गोळा येतो तो त्याच्या आधी. पडद्यावर एखादा आकडा सावकाश वर सरकत असतो, अलार्मची हद्द अजून आलेली नसते, आणि शेजारचा सहकारी निवांत चहा पीत असतो. भयाचे गेम करणाऱ्यांपैकी ज्यांना हे कळलं ते मोठे. बाकीचे नुसते कपाटातून उडी मारून 'भॉक' करतात.

'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' हा स्कॉट कॉथन यांचा 2014चा गेम बघा. यात तुम्ही रात्रपाळीचे पहारेकरी. बारा ते सहा एका खोलीत बसून कॅमेऱ्यांचे पडदे बघायचे. मुलांना रिझवणारे यंत्राचे प्राणी रात्री जागा बदलतात. तुमच्याकडे दोन दारं आणि दोन दिवे. पण दार बंद ठेवलं तरी वीज खर्च होते, दिवा लावला तरी होते, कॅमेरा बघितला तरी होते. रात्रीसाठी वीज ठरावीक. ती संपली की अंधार, आणि मग फ्रेडी. मी हे सहकाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, रात्रभर पडदे बघायचा तर आपल्याला पगार मिळतो, तू पैसे देऊन बघतोस?" त्याचं बरोबर आहे. पण या गेमचं भूत कोणतं म्हणाल, तर कोपऱ्यातला तो विजेचा टक्का. शेवटची किंकाळी नसती तरी चाललं असतं. यूट्यूबवर तो गेम गाजला मात्र किंकाळीमुळे, आणि मग तिची नक्कल करणारे शेकड्याने निघाले.

तरी माझ्या लेखी या प्रकारातला राजा 'ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट'. फ्रिक्शनल गेम्स या स्वीडनच्या छोट्या कंपनीने तो 2010मध्ये काढला. हत्यार नाही. कंदील आहे, त्यात तेल थोडंच. अंधारात थांबलात तर मनाचा तोल ढळतो, उजेडात थांबलात तर दिसून जाता, आणि त्या राक्षसाकडे नुसतं बघितलं तरी तोल ढळतो. म्हणजे बघायचंच नाही! भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि पावलं दूर जाईपर्यंत वाट पाहायची. त्यात एका ठिकाणी तळघरात गुडघाभर पाणी आहे आणि पाण्यात काहीतरी आहे. ते दिसत नाही. दिसतात फक्त त्याच्या पावलांनी उडणारे शिंतोडे. एका खोक्यावरून दुसऱ्या खोक्यावर उड्या मारत जायचं, पाय पाण्यात पडला की छपछप तुमच्या दिशेने.

हा भाग इतर गावच्या माणसाला जसा लागतो तसा सुरतेच्या माणसाला लागत नाही. 2006च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली, तेव्हा आम्ही अडाजणला राहत होतो. खालचा मजला पाण्यात, आम्ही वरच्या शेजाऱ्यांकडे. वीज नाही. रात्री खालून धप्प, धप्प असा आवाज यायचा. सिलिंडर असेल, फळी असेल, एखादं जनावरही असेल. शेजारच्या काकांनी टॉर्च मारून बघायचं म्हटलं तर आईने त्यांचा हात धरला, "राहू द्या भाऊ, सेल संपतील." सेल संपतील हे खरं कारण नव्हतं, हे शाळकरी वयातही मला कळलं होतं. स्वीडनमध्ये बसलेल्या माणसांना आमच्या जिन्याखालचं पाणी कसं ठाऊक, असं त्या तळघरात शिरल्यावर वाटलं.

हिदेओ कोजिमा यांच्या 'पी. टी.'बद्दल बरंच बोललं जातं. 2014मध्ये तो प्लेस्टेशनवर फुकट आला आणि पुढच्या वर्षी दुकानातून काढून टाकला गेला. त्यामुळे तो ज्याच्या मशीनवर उतरवलेला राहिला त्याचा भाव वधारला. त्यात आहे काय? घरातला एक बोळ, काटकोनात वळणारा. शेवटच्या दारातून बाहेर पडलं की पुन्हा तोच बोळ. दर खेपेला काहीतरी बदललेलं. आपल्याकडे खेड्यातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, हा चकवा आहे. रानात वाट चुकलेला माणूस रात्रभर चालतो आणि फिरून त्याच झाडापाशी येतो. माझे आजोबा चकव्याची हकीकत सांगायचे त्यातही कोणी अंगावर धावून यायचं नाही. झाड तेवढं परत यायचं. 'सायलेंट हिल' या गेम-मालिकेच्या पहिल्या भागातलं धुकंही असंच अंगावर न येता घाबरवणारं, 1999चं. प्लेस्टेशनला लांबचं दृश्य रंगवायची ताकद नव्हती म्हणून गावावर धुकं पसरलं, आणि त्या अडचणीतून सगळ्या मालिकेचा चेहरा ठरला. 2024मध्ये त्याच्या दुसऱ्या भागाची नवी आवृत्ती आली. आता मशीनची ताकद वाट्टेल तेवढी आहे, पण धुकं काढायची हिंमत कोणी केली नाही. शहाणे आहेत.

मराठीत भयकथेची परंपरा नाही असं कोण म्हणेल? नारायण धारप आहेत, रत्नाकर मतकरी आहेत. राही अनिल बर्वे यांच्या 2018च्या 'तुंबाड'चं बीजही धारपांच्या कथेतलं. तो सिनेमा बघताना मला सारखं वाटत होतं, हा गेम आहे, कोणीतरी चुकून सिनेमा केलाय. विहिरीसारख्या खोल गर्भात उतरायचं. पिठाचं रिंगण आखायचं, त्याच्या आत तिथला राक्षस हस्तर येऊ शकत नाही. कणकेची बाहुली पुढे टाकायची. तो ती खाईपर्यंत जेवढ्या मोहरा ओढता येतील तेवढ्या ओढायच्या. एक आणखी घेऊ का? हा एकच प्रश्न, आणि तोही बोटांना पडलेला. हत्यार कुठेच नाही. गेम करणाऱ्याला यात फारशी भर घालावी लागणार नाही.

कोड्यांच्या बाबतीत माझी कसोटी वेगळी नाही. कोडं सुटलं तेव्हा ते मी सोडवलं की गेमने मला सोडवू दिलं? हल्ली कित्येक मोठ्या गेमांत सोबतीचं पात्र असतं. तुम्ही दहा सेकंद गप्प राहिलात की ते म्हणतं, 'अरे, ती शिडी बघ!' परीक्षेत पर्यवेक्षकाने उत्तर सांगावं तसं. त्यापेक्षा व्हॉल्व्ह कंपनीचा 2007चा 'पोर्टल' घ्या. बोलणारं यंत्र तिथेही आहे, पण ते तुम्हाला खोटं सांगतं आणि टोमणे मारतं. शिकवतात त्या खोल्या. प्रत्येक खोलीत एकच नवी युक्ती. ती बोटांत बसली की पुढची खोली.

जोनाथन ब्लो यांचा 2016चा 'द विटनेस' मात्र मला अर्धा आवडतो आणि अर्धा डोक्यात जातो. एका सुंदर बेटावर रेषांची शेकडो कोडी, नियम कुठेही लिहिलेले नाहीत, बघून-चुकून ओळखायचे. इथपर्यंत लाजवाब. पण जागोजागी शास्त्रज्ञ नि तत्त्वज्ञ यांची वचनं ऐकवणारी यंत्रं ठेवली आहेत. झाडाच्या सावलीतून कोडं सुटलं, मी खूश, आणि लगेच कोणीतरी विश्वाच्या गूढाबद्दल बोलायला लागतं. अहो, मला सावली दिसली, तेवढं पुरे की.

या सगळ्यांत मी ज्याची शिफारस भेटेल त्याला करतो तो लुकास पोप यांचा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन', 2018चा. काळ 1807. ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज पाच वर्षांनी बंदराला लागतं, आत जिवंत कोणी नाही. तुम्ही कंपनीतर्फे आलेले विम्याचे तपासनीस. जहाजावर एकूण 60 माणसं होती. प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं आणि कोणामुळे, हे वहीत भरायचं. तुमच्याकडे एक घड्याळ. प्रेताजवळ ते उघडलं की आधी अंधारात शेवटचे आवाज ऐकू येतात, मग मृत्यूचा तो क्षण गोठून समोर उभा राहतो. त्यात चालता येतं, वाकून बघता येतं, बदलता काही येत नाही.

सगळं चित्र दोनच रंगांत, जुन्या छापील चित्रासारखं. नावं कोणी सांगत नाही. हा कोणाच्या पंगतीला बसतो, त्याच्या अंगावर गोंदण आहे का, बोलण्याची धाटणी कुठली, झोपायच्या झोळीवर नंबर कोणता, त्या झोळीतून बाहेर आलेल्या पायात कसले जोडे आहेत, यावरून ओळखायचं. एका खलाशाला मी केवळ जोड्यांवरून ओळखलं तेव्हा मध्यरात्री खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या. आणि लबाडी चालू नये म्हणून गेम तुमची उत्तरं एकेक करून तपासत नाही. तीन बरोबर आली की मगच शिक्कामोर्तब करतो. अंदाजाने ठोकाठोकी करणाऱ्याला यामुळे आळा बसतो, आणि विचार करणाऱ्याला उगाच शिक्षा होत नाही. इतका साधा नियम, पण कोडी करणाऱ्या दहा जणांतल्या नऊ जणांना सुचत नाही.

हा गेम मी इच्छापोरला बसून खेळलो याचं मला विशेष वाटतं. इथून दुचाकीवर अर्ध्या तासात सुवालीचा किनारा येतो. तापीचं मुख उथळ, म्हणून कंपनीची मोठी जहाजं सुवालीला नांगर टाकायची आणि माल तिथून सुरतेला जायचा. 1608मध्ये 'हेक्टर' जहाजातून विल्यम हॉकिन्स सुरतेला आला. 1612मध्ये इथल्याच पाण्यात इंग्रजांनी पोर्तुगीजांना हरवलं आणि पुढच्या वर्षी सुरतेत वखारीचा परवाना मिळवला. शिवाजी महाराजांच्या 1664च्या आणि 1670च्या स्वाऱ्या आपल्याला पाठ असतात. पण त्या वखारीत माल घेऊन येणाऱ्या जहाजांवर दोऱ्या ओढणारी माणसं कोण होती, हे आपल्याला पाठ नसतं. ओब्रा डिनच्या यादीत हिंदुस्तानी खलाशीही आहेत. कप्तानाच्या नावाइतकीच जागा त्यांच्या नावाला, एक ओळ. सुवालीला आता रविवारी भुट्टे खाणाऱ्यांची गर्दी असते. मी तिथे जातो तेव्हा मला झोळीतले जोडे आठवतात, काय करणार.

कोडं, भूत आणि गोष्ट तिन्ही एकत्र बसवण्याची युक्ती तशी आपल्या घरचीच आहे. वेताळपंचविशी घ्या. राजाने मसणवटीतून प्रेत खांद्यावर आणायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं घालतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी परत झाडावर. म्हणजे बरोबर उत्तर दिलं की खेळाडू पुन्हा सुरुवातीला! खेळ संपतो तो राजाला खरोखरच उत्तर येत नाही तेव्हा. एवढा उलटा नियम मी आजच्या कुठल्याही गेममध्ये पाहिलेला नाही. जवळ जातो तो 2019चा 'आउटर वाइल्ड्स'. दर 22 मिनिटांनी सूर्य फुटतो, सगळं पुसलं जातं, तुम्ही पुन्हा शेकोटीपाशी जागे होता. नवं हत्यार नाही, ताकद वाढत नाही. उरतं ते फक्त तुम्हाला जे कळलं ते. त्यात एका काळोख्या ग्रहावर प्रचंड आंधळे मासे आहेत, ते आवाजावर येतात. त्यांच्यामधून जायचं तर यानाचं इंजिन बंद करून तरंगत जायचं. ते आंधळे आहेत हे कोणी सांगत नाही. दुसऱ्याच एका ग्रहावरच्या जुन्या लेखात, पोरांच्या एका खेळाच्या वर्णनात ते दडलेलं असतं. बंदूक न देण्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याजवळ नाही.

आता गोष्टीचे गेम. इथे माझं मोठ्या कंपन्यांशी पटत नाही. कोट्यवधी डॉलर घालून ते सिनेमा करतात आणि मध्येमध्ये आपल्याला चालायला लावतात. नायक रडतो तेव्हा कंट्रोलर बाजूला ठेवून मी चहा करायला गेलो तरी चालतं. मग माझी गरज काय? गेममधली गोष्ट हातातून समजली पाहिजे.

'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' या 2017च्या गेममध्ये एका घरातली माणसं एकेक करून कशी गेली ते सांगितलं आहे, प्रत्येकाची गोष्ट वेगळ्या रीतीने. त्यातला लुईस मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला असतो. माउसने मासा उचलायचा, पात्याखाली न्यायचा, मुंडकं उडवायचं, पुढच्या पट्ट्यावर टाकायचा. पुन्हा मासा. तेवढ्यात लुईसला दिवास्वप्न पडू लागतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटंसं राज्य दिसतं, आणि डाव्या हाताने तुम्ही त्याला त्या राज्यात चालवता. उजवा हात मासे कापतोच आहे. स्वप्न मोठं होत जातं, त्याला रंग येतात, गाणं येतं, माणसं जयजयकार करतात, आणि हळूहळू कारखाना पडद्यावरून नाहीसा होतो. उजवा हात तरीही मासे कापतोच. तो कधी सवयीने चालायला लागला हे तुम्हालाही कळत नाही. पुढे काय होतं ते सांगत नाही, खेळून बघा. एवढंच सांगतो, की ज्याने पाळीत काम केलं आहे, मग ते माझ्यासारखं पडद्यापुढचं असो, कतारगामच्या हिऱ्याच्या कारखान्यातलं असो नाहीतर लिंबायतच्या लूमवरचं, त्याला लुईस परका वाटणार नाही. कामगाराच्या मनावर लिहिलेले लेख मी वाचले आहेत. दोन हातांना दोन वेगळ्या जगांत ठेवून ते समजावणं लेखाला जमत नाही, सिनेमालाही नाही.

'पेपर्स, प्लीज' हाही लुकास पोप यांचाच, 2013चा. तुम्ही एका कल्पित हुकूमशाही देशाच्या सीमेवर पासपोर्ट तपासणारे कारकून. खिडकीत माणूस येतो, कागद ठेवतो. फोटो जुळतो का, तारीख उलटली आहे का, शहराचं नाव त्या देशातलं आहे का? हिरवा शिक्का नाहीतर लाल. माणशी पाच पैसे पगार, संध्याकाळी त्यातून भाडं, जेवण, शेगडीचं जळण. रोज नवा नियम. एकदा एक माणूस येतो, कागद चोख. जाताना म्हणतो, माझी बायको मागेच उभी आहे, सांभाळून घ्या. बायकोकडे एक परवाना कमी. लिंबायतला राहणारा माझा भाचा सुट्टीत आला होता, त्याला हा गेम लावून दिला. तो फ्री फायर मॅक्सवाला.

"मामा, ह्यात गोळी कुठून मारायची?"

"मारायची नाही. कागद बघ."

त्याने त्या बाईला सोडलं. चूक झाल्याची चिठ्ठी आली, पण पहिल्या दोन चुका माफ असतात. दंड बसू लागला तेव्हा घरात मुलगा आजारी पडलेला आणि औषधाला पैसे नव्हते. त्यानंतर खिडकीत एक म्हातारी आली, कागदात बारीकशी खोट. भाच्याने माझ्याकडे बघितलं नाही. लाल शिक्का मारला आणि म्हणाला, "मामा, हा गेम बोगस आहे." मग जेवायला हाक मारली तरी उठेना. राज्याची हद्द ओलांडून आलेल्यांच्या घरातला पोरगा आहे, रेशनकार्डाचा पत्ता कुठला आणि राहतो कुठे हा घोळ त्याने घरी ऐकलेला आहे. मी काही समजावत बसलो नाही.

आपल्याकडच्यांनी काय केलं हेही सांगायला हवं, कारण पुण्याच्या 'राजी'वर मराठीत मनसोक्त भांडण झालेलं माझ्या वाचनात नाही. नोडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या चमूने 2020मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' काढला. सर्कशीत कसरती करणारी राजी, तिचा भाऊ गोलू, त्याला पळवणारे असुर, आणि वरून ही कहाणी सांगणारे दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी किल्ल्यांचे सज्जे, पहाडी शैलीची भित्तिचित्रं, छायाबाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट. बघत राहावं असं. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमांच्या विभागात त्याला नामांकन होतं. बक्षीस नेलं 'फॅस्मोफोबिया'ने. म्हणजे पुण्याच्या मुलीला हरवलं ते भुतानेच. माझं मत विचाराल तर 'राजी'तली कोडी गोड आहेत, गोल चित्राचे तुकडे फिरवून भावाबहिणीच्या आठवणी जुळवायच्या. पण लढाया लवकरच एकसुरी होतात आणि शेवट असा अचानक येतो की वीज गेली की काय असं वाटावं. पुढे हिंदी आवाज असलेली आवृत्ती आली. माझ्या आईने शेजारी बसून ती पाहिली आणि तिचा पहिला प्रश्न, "देवीला सगळं दिसतंय तर ती पोरीला मदत का करत नाही?" यावर दुर्गा-विष्णूंच्या संवादात थोडं बोलणं आहे, पण आईचं समाधान झालं नाही. ही टीका मी कुठल्याही समीक्षेत वाचलेली नाही, आणि ती बरोबर आहे.

'वेन्बा' मात्र आईला पटला. कॅनडात जाऊन राहिलेल्या तमिळ कुटुंबाची 2023ची ही गोष्ट. टोरंटोतल्या छोट्या चमूने केली आणि 2024मध्ये पदार्पणाचं बाफ्ता मिळवलं. आईच्या जुन्या वहीतल्या पाककृती पुसट झाल्या आहेत, त्या अंदाजाने पुऱ्या करायच्या. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या हे पहिलंच कोडं. मी विचार करत होतो, आई मागून म्हणाली, "भोकं एकावर एक नको येऊ देऊ, वाफ कुठून जाईल?" झालं. मुलगा पुढे तमिळ बोलायला टाळाटाळ करायला लागतो तेव्हा ती गप्प झाली. भाचा घरी निम्मं गुजराती बोलतो.

हे सगळं मी वर्तमानपत्रात का मांडतोय? कारण गेम म्हटलं की आपल्याकडे पोलीस आठवतात. 2019च्या मार्चमध्ये राजकोटला पबजी खेळताना सापडलेल्या कॉलेजच्या पोरांना अटक झाली होती. 2020च्या सप्टेंबरात केंद्राने चिनी ॲपांबरोबर त्या गेमवर बंदी आणली. 2025च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना चाप लावणारा कायदा केला, तो मला मान्य आहे. रमीच्या ॲपमध्ये पगार घालवलेली माणसं पाळीला माझ्या शेजारी बसतात. कायद्याने पैशाचा खेळ आणि बाकीचे खेळ यांत फरक केला. घरात मात्र तो कोणी करत नाही. जुगाराचं ॲप, फुकटचा गोळीबार आणि 'ओब्रा डिन' सगळं एकाच पोत्यात.

पालकांना मी एकच फरक सांगतो, गोष्टीचा गेम संपतो. 'एडिथ फिंच' दोन-तीन तासांत, 'ओब्रा डिन' आठवडाभराच्या संध्याकाळींत. मग पडदा काळा, करणाऱ्यांची नावं, जा आता झोपायला. फोनवरचे फुकट गेम संपू नयेत म्हणूनच केलेले असतात. रोज आलात की बक्षीस, आला नाहीत की नुकसान, आणि बंदुकीला नवा रंग हवा असेल तर पैसे. पोरगं किती तास खेळतं हे विचारण्याआधी ते खेळतं तो गेम कधी संपतो हे विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही तर काळजी करा.

सुरुवात कशाने करू, असं ओळखीतले विचारतात. भुतापासून नको. 'पेपर्स, प्लीज' जुन्या लॅपटॉपवरही चालतो आणि सेलमध्ये स्वस्त मिळतो. त्यानंतर 'ओब्रा डिन', शक्यतो दोघांनी मिळून, वही-पेन घेऊन. 'ॲम्नेशिया' हेडफोन लावून, दिवे घालवून, आणि घरात कोणीतरी जागं असताना. अडलात तर दोन दिवस बाजूला ठेवा, पण यूट्यूबवर उत्तर बघू नका. माझ्या भाच्याने ओब्रा डिनच्या पहिल्या सहा जणांची नावं तिथूनच उतरवली आहेत, आणि सातव्यापाशी अडकून आता तो मला फोन करतो. मी उचलत नाही.